खोरं कुणाच्या दारात?

आमच्या मोशीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या चार्ज करायचे दोन पॉइंट आहेत, आणि तिथं कुणाच्या ना कुणाच्या गाडीपुढं भिंतीला टेकवून एक खोरं उभं असतं. शेतातलं खोरं. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायला लागतं, ते. पातं झिजून निम्मं झालंय, बाभळीचा दांडा हातांच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालाय. नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, "हे बांधकामाचं राहिलंय का इथं?" मग वॉचमन त्याला माझ्याकडं पाठवतो. मी थोडक्यात सांगून मोकळा होतो. पूर्ण गोष्ट पार्किंगमध्ये उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही.

खोरं आबांचं. आबा म्हणजे कुरुळीतले माझे घरमालक. मी परभणीकडचा. चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होतो, ते कंत्राट सुटलं आणि मी ड्रायव्हर झालो. कुरुळीत आबांच्या अकरा खोल्यांच्या चाळीत मी, बायको आणि मुलगी असे आठ वर्षं राहिलो. चाळ जिथं उभी आहे तिथं पूर्वी आबांचा कांदा असायचा. जमीन प्लॉटांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. पण माणूस काही शेतातून बाहेर आला नाही. पांढरा लेंगा, बंडी, डोक्यावर टोपी, आणि दिवसातून चार वेळा चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी. बांधावरून पिकं बघत जावं तसे ते आमच्या खोल्यांत डोकावत जायचे.

विजेला ते पाणीच म्हणायचे. "आज लई पाणी वढलंस रं?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा माझी बायको घाबरून नळ बघायला धावली होती. त्यांना म्हणायचं होतं, इस्त्री फार वेळ चालली. मोठा मीटर एकच होता, आबांच्या नावावर, आणि प्रत्येक खोलीला एक छोटा सबमीटर. त्या सबमीटरच्या फळीवर ते तळहात ठेवून उभे राहायचे. फळी गार लागली की खूश, कोमट लागली की चौकशी.

घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी पिकाची जात लावून दिली होती. दिवा म्हणजे हरभरा, दवावर पिकतो, त्याला काय लागतंय. पंखा म्हणजे ज्वारी. टीव्ही भुईमूग. फ्रिजला ते नाक मुरडायचे, कारण तो चोवीस तास पाटाला तोंड लावून बसलेला. गिझर म्हणजे ऊस, आणि आबांच्या चाळीत उसाला बंदी होती. खोली भाड्यानं देताना ते डिपॉझिटच्या आधी विचारायचे, "ऊस लावणार न्हाईस ना?" नवा भाडेकरू बिचारा म्हणायचा, "नाही हो, मी वेल्डर आहे."

मग चाळीत विजेवरच्या स्कूटर आल्या. आधी एक, मग दोन, बघता बघता सहा. कंपनीतून सुटलेला माणूस घरी आला की पहिल्यांदा वायर लावणार. त्याच वेळेला घरोघरी मिक्सर, टीव्ही, पंखे, पाण्याची मोटर. रोज संध्याकाळी फ्यूज उडायचा आणि अकरा बिऱ्हाडं अंधारात आबांच्या नावानं हाका मारायची. आबांनी तीन दिवस हे बघितलं. चौथ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून ते खोरं काढलं, पुसलं आणि दोन नंबरच्या दारात आणून उभं केलं.

"आमच्या विहिरीवर सात हिस्सेदार हुते," ते म्हणाले. "ज्याची पाळी त्याच्या दारात खोरं. खोरं दारात न्हाई त्यानं पाण्याला हात लावायचा न्हाई. आपली पाळी झाली की सोताच्या हातानं म्होरच्याच्या दारात न्हेऊन ठेवायचं. आन् उभं ठेवायचं. खोरं आडवं पडलं की भांडण उभं ऱ्हातंय."

आम्ही हसलो. पाच नंबरच्या खोलीत क्यूसीत, म्हणजे कंपनीतला माल तपासायच्या खात्यात, काम करणारा एक हुशार पोरगा होता. तो म्हणाला, "आबा, मी ग्रुप काढतो ना मोबाईलवर, पाळ्या टाकतो त्यात." आबांनी परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी दोघांनी एकाच वेळी वायर लावली, फ्यूज उडाला, आणि दोघंही म्हणाले, मेसेज बघितलाच नाही. "मोबाईल गप करून ठिवता येतो," आबा म्हणाले. "खोऱ्याला ठेच लागती." त्या दिवसापासून खोरं चाळीत फिरायला लागलं ते कायमचं. रात्रपाळीचा माणूस सकाळी घेणार, दिवसपाळीचा रात्री. कुणी आजारी असला तर शेजारी त्याचं खोरं आणून देणार. वायर लावायला येऊन खोरं नसलेलं बघून मुकाट परत जाणारी माणसं मी त्या चाळीत बघितली. कंपनीत सुपरवायझरला न जुमानणारी तीच ती माणसं.

आता माझं ऐका. मी कंपनीतल्या बायकांना पिकअप-ड्रॉप करायचो. सकाळच्या शिफ्टला चौघी, दुपारच्या शिफ्टला चौघी. आधी गाडी दुसऱ्याची होती. मग ठेकेदार म्हणाला, यापुढं विजेवरच्या गाड्यांनाच काम देणार. मी कर्ज काढून जुनी का होईना, विजेवरची मोटार घेतली. पेढे घेऊन आबांकडं गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून बघितलं.

"किती पाणी पिती?"

मी सांगितलं.

"आरं, ह्यो तर उसाचा बाप हाय!"

पण नाही म्हणाले नाहीत. मी म्हणालो, "आबा, मी सकाळी नऊला मोकळा होतो ते दोनपर्यंत. दुपारची पाळी द्या की मला. तेव्हा चाळीत फारसं कुणी नसतं." तर आबा एकदम कडक झाले. भर दुपारी पिकाला पाणी देत नाहीत, पाणी तापतं, अर्धं उडून जातं, पिकाला चटका बसतो. "आबा, हे वायरमधून येतंय." "कशातनं बी येऊ दे. दुपारचं न्हाई." कितीही समजावलं तरी ऐकेनात. मला संध्याकाळनंतरची पाळी मिळाली. स्कूटरवाल्यांनी माझ्यासाठी आपापल्या पाळ्या मागंपुढं सरकवल्या, तेव्हा कुठं जमलं.

पहिलं बिल आलं आणि सगळं बिघडलं. आबा खोल्यांकडून युनिटमागं एक ठरलेला भाव घ्यायचे, आणि आजवर त्यातून बिल भागून जायचं. या वेळी भागलं नाही. पुढच्या महिन्यात तर फरक आणखी वाढला. आबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, पाट कुठंतरी फुटलाय. पाणी चोरीला जातंय. आणि चाळीत नवीन काय आलं होतं? माझी गाडी.

रविवारी सकाळी सगळी बिऱ्हाडं नळावर असताना ते माझ्या दारात आले. "तुला पाळी दिली, तू भगदाड पाडलंस. महिनाअखेर खोली मोकळी कर."

माझ्या हातात बादली होती. मी म्हणालो, "आबा, मी चोर नाही हो. सबमीटर बघा की माझा." पण ते मागं वळलेसुद्धा. बायको आत गेली आणि दार लावून घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा दिवसा आमचं दार लागलं होतं.

मी खोल्या शोधायला लागलो. चिखली, मोशी, म्हाळुंगे. खोली बघायची, भाडं ठरायचं, आणि मी "इलेक्ट्रिक गाडी आहे" म्हटलं की मालकाचा चेहरा बदलायचा. "राव, चार्जिंग नको बरं का. बाहेर करा काय करायचं ते." बाहेर म्हणजे हायवेवरच्या पॉइंटवर. तिथं रांग, आणि तिथून निघालं की चाकणच्या चौकातले ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्या. एकदा करून बघितलं तर दुपारच्या बायकांना पोचवायला वीस मिनिटं उशीर झाला. त्यांच्या हजेरीवर लाल शेरा पडला आणि ठेकेदारानं मला सांगितलं, "अजून एकदा झालं तर दुसरा माणूस बघतो." खोली गेली की चार्जिंग गेलं, चार्जिंग गेलं की काम, आणि काम गेलं की गाडी. एवढं साधं होतं ते.

आबा मात्र त्याच दिवसापासून मोठ्या मीटरसमोर खुर्ची टाकून बसले. सकाळी चहा तिथं, दुपारचं जेवण तिथं. खडूनं भिंतीवर दर दोन तासांचे आकडे लिहायचे, मग प्रत्येक सबमीटरचे लिहायचे आणि बोटांवर बेरजा करायचे. खांबापासून मीटरपर्यंतची वायर त्यांनी काठीनं चाचपून बघितली. पाटाला घूस बीळ पाडते, तसं काही असेल म्हणून. माझ्याशी बोलायचे नाहीत. मी जाताना ते भिंतीकडं बघायचे, येताना मी.

पंधराव्या दिवशी खुर्ची रिकामी दिसली. बिलांचं भेंडोळं घेऊन आबा वीज ऑफिसात गेले होते. संध्याकाळी परत आले आणि कुणाशीच न बोलता घरात गेले. पुढचे आठ दिवस त्यांची फेरीसुद्धा झाली नाही.

आजी, म्हणजे आबांची बायको, एका दुपारी माझ्या बायकोकडं आली. आम्ही भांडी खोक्यात भरत होतो. आजी खाली बसली आणि पितळी डबा फडक्यानं पुसत म्हणाली, "त्यांच्या बंडीच्या खिशात एक कागद हाय. वीज ऑफिसातनं आणलाय. साहेब म्हणला, गाडीला येगळा मीटर घ्या, तुमच्या भाडेकरूच्या नावावर, मालकानं सही द्यायची. आट दिस झालं, कागद काढत्यात, बघत्यात आन् परत ठिवत्यात."

मग तिनं विहिरीचं सांगितलं. सात हिश्शांची विहीर. तिच्यावर मोटर बसवायची ठरली तेव्हा विजेचं कनेक्शन कुणाच्या तरी एकाच्या नावावर घ्यावं लागणार होतं. चुलतभाऊ म्हणाला, माझ्या नावावर घेऊ, कागदापुरतं. आबांच्या वडलांनी अंगठा दिला. वडील गेले, आणि चुलतभावानं कोर्टात तेच कनेक्शन दाखवलं. मीटर माझा, मोटर माझी, म्हणजे विहीर माझी. आबांचा कांदा दोन हंगाम उभा वाळला. जमीन प्लॉटांत गेली ती त्यानंतर.

"दुसऱ्याच्या नावाचा मीटर म्हणलं की त्यांना त्यो चुलतभाऊच दिसतोय बाबा," आजी म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई त्यांचा."

ते ऐकल्यावर मीच आशा सोडली. कुठल्या तोंडानं सही मागणार होतो? त्या माणसाचं जे एकदा गेलं, ते अशाच कागदानं गेलं होतं.

महिनाअखेरीला टेम्पो दारात लागला. अकरा-साडेअकराची वेळ. मी गादी खांद्यावर घेतली आणि आबांची हाक आली. "समदी हिकडं या. माझ्या दारच्या पायऱ्यांपाशी." रात्रपाळीचे झोपलेले उठून आले, बायका आल्या. आबांचा मुलगा प्लॉटच्या धंद्यात, तोही गाडीतून उतरून आला. आबा सगळ्यात खालच्या पायरीवर उभे राहिले.

"ऐका. मी समजत हुतो, पाणी कितीबी घ्या, घागरीचा भाव एकच. तसं न्हाई. हितं पायऱ्या हायत." त्यांनी पायानं पायरी दाबली. "थोडकं वापराल तवर ह्या पायरीवर. भाव कमी. जास्त वापरलं की वरच्या पायरीवर, म्होरच्या घागरीला भाव जास्त. आनखी वापरलं, आनखी वर." एकेक पायरी चढत ते वर गेले आणि तिथं धापा टाकत थांबले. "मीटर एकच. म्हंजी आपुन अकरा बिऱ्हाडं एकाच जिन्यावर. सहा स्कूटरी आल्या, ह्याची गाडी आली, आन् समदी जत्रा वरच्या पायरीवर. पंधरा दिस बघितलं. मोठा मीटर आन् तुमचं मीटर, युनिटाला युनिट जुळतंय. एक थेंब गळती न्हाई."

मग ते खाली उतरून माझ्यासमोर आले. गादी अजून माझ्या खांद्यावर होती.

"मी तुला चोर म्हणलं. समद्यांम्होरं म्हणलं. तर समद्यांम्होरंच मागं घेतो. चूक माझी."

सत्तरी ओलांडलेला मालक भाडेकरूपुढं टोपी काढून उभा होता. मी गादी खाली ठेवली. "तुझ्या गाडीला येगळा जिना," म्हणत त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढला. आठ दिवस घड्या घालून घालून तो कापडासारखा मऊ झाला होता.

मुलगा पुढं आला. "आबा, डोकं ठिकाणावर आहे का? भाडेकरूच्या नावावर मीटर? उद्या खोली माझी म्हणेल. एकदा झालंय ना आपल्या घरात?"

"झालंय."

"मग?"

"विहीर मीटरनं न्हाई गेली. माणसानं गेली," आबा म्हणाले आणि पायरीवर बसले. मांडीवर एक फळी ठेवली, त्यावर कागद. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. एकेक अक्षर त्यांनी पुरं काढलं. सगळी चाळ उभी राहून बघत होती. मग ते उठले, चार नंबरच्या दारातलं खोरं उचललं आणि माझ्या रिकाम्या खोलीच्या दारात आणून उभं केलं.

"दुपारची पाळी तुझी."

"आबा, दुपारी पाणी देत नाहीत ना?"

"साहेब म्हणला, आता दुपारचं पाणी उन्हातनंच येतंय. सूर्व्यावर. दुपारीच लई असतंय म्हणं." ते थोडं चिडूनच म्हणाले. "मला काय ठाऊक? आमच्या येळंला सूर्व्या पाणी प्यायचा."

टेम्पोवाल्यानं तेवढ्यात हॉर्न वाजवला. बायकोनं जाऊन त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

माझ्या नावाचा मीटर महिन्याभरात बसला. भिंतीवर, आबांच्या मीटरच्या शेजारी. माझं काम राहिलं, गाडी राहिली, आणि दोन वर्षांनी याच सोसायटीत छोटा का होईना, स्वतःचा फ्लॅट झाला. लोक म्हणतात, कष्टाचं फळ. कष्ट केले, खोटं कशाला बोलू? पण कष्ट तर हायवेच्या रांगेत उभे असलेलेही करतात. मला कुणीतरी भिंतीचा एक वीतभर तुकडा दिला होता, आणि देताना त्याला जुनी जखम उघडावी लागली होती. हे उपकार मी फेडू शकलो नाही आणि फेडता येतील असंही मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र करता येण्यासारखी होती. खोली सोडायच्या आधी मी वीज ऑफिसात तीन खेटे घातले, माझ्या नावाचा मीटर बंद करून घेतला, आणि तसा शिक्क्याचा कागद घेऊन आबांकडं गेलो. ते तेव्हा फारसे उठत नव्हते. खाटेवर पडून होते. मी कागद हातात दिला. त्यांनी चष्मा मागितला. एकेका ओळीखाली बोट धरून सगळा वाचला, शिक्क्यासकट. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माझा चुलतभाऊ बी म्हणला हुता, नाव कागदापुरतं," ते म्हणाले. "तीस वरसं ह्या कागदाची वाट बघितली मी. त्यानं न्हाई आणला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आजी उगाचच चुलीकडं तोंड करून बसली.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तिकडं सोसायटीत किती बिऱ्हाडं?"

"एकशे बारा, आबा."

"आन् गाड्या लावायला जागा?"

"दोन पॉइंट."

कितीतरी दिवसांनी आबांच्या चेहऱ्यावर भरलं पीक बघितल्यासारखं हसू आलं. त्यांनी आजीला हाक मारली. "अगं, खोरं आण. हितल्यांना आता पाठ झालंय. ह्याला लागंल."

खोरं डिकीत काही मावेना. शेवटी मागच्या सीटवर आडवं ठेवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आडवं ठेवायचं नसतं ना?" मग तिनंच ते उचललं, पातं पायाशी आणि दांडा खांद्याशी असं उभं धरलं, आणि कुरुळीपासून मोशीपर्यंत तसंच धरून बसली.